दम छातीत लागतो, झीज मांड्यांत होते



गेल्या कोजागिरीला समाजाच्या गच्चीवर दूध आटत होतं, तेव्हा तीन-चार जणांनी आमच्या थोरल्या बंधूंची चौकशी केली. "दादा दिसले नाहीत, दम वाढला का?" आम्ही प्रत्येकाला काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेली, कारण खरं उत्तर दुधाचा पेला हातात धरून उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतं. दादांच्या छातीची तपासणी आदल्या वर्षीसारखीच आली होती. घटल्या होत्या त्या त्यांच्या मांड्या. हे कसं होतं आणि त्यावर काय करता येतं, हे कळायला आमच्या घराला जवळजवळ वर्ष लागलं. इंदूरच्या आपल्या मंडळींत असा दम लागणारा माणूस बऱ्याच घरी आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

आधीच सांगून टाकतो, आम्ही डॉक्टर नाही. शिक्षण बी.कॉम. आणि सगळी नोकरी बँकेत. खाली जे लिहिलं आहे ते डॉक्टरांकडून आणि फिजिओथेरपिस्ट बाईंकडून ऐकलेलं, नंतर वाचून पडताळलेलं आणि घरी अनुभवलेलं आहे. आपल्या माणसाचे उपचार आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावेत.

दादांच्या आजाराचं नाव सीओपीडी. आपण सरसकट सगळ्याला 'दमा' म्हणतो, पण दमा येतो-जातो आणि औषधाने श्वासनळ्या बऱ्याच मोकळ्या होतात. सीओपीडीत श्वासनळ्या कायमच्या आकसतात, फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांची नासधूस होते आणि आत गेलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. 2016 साली भारतात असे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते. त्यांत विडी-सिगारेट ओढणारे आहेतच, पण जन्मभर चुलीपुढे बसलेल्या, विडीला कधी हात न लावलेल्या बायकाही आहेत. आमचे दादा तारुण्यात कापड गिरणीत सूत कातण्याच्या विभागात होते. तिथला कापसाचा तूस आणि सुटीतली विडी, दोन्ही त्यांच्या छातीत गेलं. विडी सुटून वीस वर्षं झाली, पण नुकसान झालं ते झालं.

मागच्या वर्षी जानेवारीत माळव्याची थंडी त्यांना बाधली. छातीत कफ साचला, ताप आला, दवाखान्यात नऊ दिवस काढावे लागले. ऑक्सिजन, अँटिबायोटिक, स्टेरॉइडच्या गोळ्या, सगळं झालं आणि दादा घरी आले. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की आता यांना काडीचाही त्रास द्यायचा नाही. पलंग खालच्या खोलीत आणला. वहिनी चहा, जेवण, पाण्याचा तांब्या, दाढीचं सामान, सगळं हातात नेऊन देत. दुपारी पेपर वाचायला ते ओट्यावर जाऊन बसत, तेही बंद केलं. "तुम्ही पडून राहा, दम लागेल" हे वाक्य दिवसातून दहा वेळा घरात ऐकू यायचं. भेटायला येणारेही तेच सांगून जात.

दवाखान्यात जाण्याआधी वजन 58 किलो होतं. घरी आले तेव्हा 54. दिवाळीपर्यंत 51. स्नानगृहापर्यंत दहा-बारा पावलं चालून आले की त्यांना पाच मिनिटं बोलता येत नसे. आम्हाला वाटलं, फुप्फुस आणखी बिघडलं. म्हणून पुन्हा स्पायरोमेट्री केली, म्हणजे नळीत जोरात फुंकून श्वासाचा जोर मोजण्याची तपासणी. आकडा जवळपास होता तिथेच होता. मग दम वाढला कशाने?

छातीच्या डॉक्टरांनी दादांना उत्तर म्हणून फक्त एक कृती करायला सांगितली. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. दादांना चौथ्यांदा उठताच आलं नाही. डॉक्टर म्हणाले, "दम आधी लागला का पाय आधी थकले?" दादा थोडा विचार करून म्हणाले, "पाय." इतके महिने हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता, आम्हीही नाही.

आता यातलं शास्त्र आम्हाला समजलं तसं सांगतो. स्नायूला काम करायला इंधन आणि प्राणवायू लागतो. मांडीच्या पुढच्या बाजूला जो मोठा स्नायू असतो, ज्याच्या बळावर आपण उठतो, जिना चढतो, त्यात दोन प्रकारचे तंतू असतात. एक सावकाश काम करणारे, प्राणवायू नीट वापरणारे, लवकर न थकणारे. दुसरे झटकन जोर लावणारे पण लगेच दमणारे. सीओपीडीत पहिल्या प्रकारचे तंतू कमी होत जातात, दुसऱ्यांचं प्रमाण वाढतं, आणि स्नायूतल्या बारीक रक्तवाहिन्याही विरळ होतात. त्यामुळे थोड्याशा कामातही प्राणवायूवर चालणारी ऊर्जा पुरत नाही. मग स्नायू ओव्हरड्राफ्ट काढतो म्हणा ना. प्राणवायूशिवाय ऊर्जा तयार करतो आणि लॅक्टिक आम्ल साचतं. हे आम्ल निवळताना जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकायची जबाबदारी येते आधीच अधू असलेल्या फुप्फुसावर. म्हणजे कमजोर पायांचं व्याज छातीला भरावं लागतं. दम लागतो म्हणून माणूस हालचाल टाळतो, हालचाल टाळली की स्नायू आणखी वाळतो, आणि पुढच्या वेळी तेवढ्याच दहा पावलांना जास्त दम लागतो.

झीज होण्याची कारणं आणखीही आहेत. श्वास घेण्यासाठीच शरीराला जादा कष्ट पडतात, त्यात बसल्या बसल्या कॅलरी खर्च होतात. अंगात सूज आणणारी द्रव्यं सतत थोडी थोडी फिरत असतात, त्यांचा स्नायूवर परिणाम होतो. जेवताना दम लागतो म्हणून जेवण कमी होतं. तोंडाने घेण्याच्या स्टेरॉइडच्या गोळ्या वारंवार घ्याव्या लागल्या तर त्याही स्नायू कमजोर करतात. (इन्हेलरमधलं औषध वेगळं, त्याचा डोस अगदी लहान असतो. हे वाचून कोणी इन्हेलर बंद करू नये, हात जोडून सांगतो.) आणि दवाखान्यातलं पडून राहणं. आजार बळावून दाखल झालेल्या रुग्णांच्या मांडीची ताकद तिथल्या काही दिवसांतच घटते, हे मोजून पाहिलेलं आहे.

सीओपीडीच्या साधारण तीनांतल्या एका रुग्णात मांडीचा हा स्नायू कमजोर सापडतो. आणि ही बाब निव्वळ अशक्तपणाची नाही. मांडीच्या ताकदीवरून पुढच्या आयुष्याचा अंदाज बांधता येतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. 2004 साली डॉक्टरांनी सीओपीडीचा धोका मोजायला 'बोड' नावाची गुणपद्धत तयार केली. तिच्यात फुप्फुसाचा आकडा आणि दम किती लागतो हे तर आहेच, पण त्यांच्या जोडीला उंचीच्या मानाने वजन आणि सहा मिनिटांत माणूस किती चालतो हेही आहे. आम्हाला कर्जप्रकरणं तपासायची सवय, त्यामुळे हे चटकन पटलं. एकट्या ताळेबंदावर कर्ज देत नाहीत, रोजचा व्यवहारही बघतात.

वजनकाट्यावर विसंबणाऱ्यांसाठी एक इशारा. दादा काटकुळे, त्यांची झीज डोळ्यांना दिसली. पण अंगाने जाड माणसाचे स्नायूही आतून झिजू शकतात, चरबीमुळे कळत नाही. आमच्या ओळखीतल्या एका काकू वजनाने भरपूर, म्हणून घरचे निर्धास्त होते. त्यांना खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागायचा, ते मात्र कोणी मनावर घेतलं नव्हतं.

घरी करण्यासारखी साधी पारख आहे. शिंप्याची टेप घेऊन पोटरीचा सर्वात जाड भाग मोजायचा. आशियाई तज्ज्ञांच्या 2019 च्या निकषांप्रमाणे पुरुषांत 34 सेंटीमीटरपेक्षा कमी आणि स्त्रियांत 33 पेक्षा कमी भरला तर पुढची तपासणी करावी. पाच वेळा उठबस करायला 12 सेकंद किंवा जास्त लागले तरी तेच. आपल्यात मुळातच बारीक बांध्याची माणसं पुष्कळ, तेव्हा एका आकड्याने घाबरून जाऊ नये. पण तीन महिन्यांत आकडा उतरतो आहे का, यावर लक्ष ठेवावं. दादांची पोटरी 29 भरली होती.

उपचार काय, तर व्यायाम. आम्हालाही आधी हसू आलं. ज्याला बोलायला दम पुरत नाही त्याला व्यायाम! पण याला 'पल्मनरी रिहॅबिलिटेशन' असं भारदस्त नाव आहे आणि अमेरिकेत 1950-60 च्या दशकांतच काही डॉक्टरांनी दमेकऱ्यांना पलंगावरून उठवून चालवायला सुरुवात केली होती. तेव्हा प्रघात विश्रांतीचाच होता. 2015 मध्ये कॉक्रेन या संस्थेने जगभरातल्या 65 चाचण्या, 3,822 रुग्ण, एकत्र करून पाहिले. दम कमी होतो, चालण्याची क्षमता वाढते, रोजचं जगणं सुधारतं, हे इतकं स्वच्छ दिसलं की व्यायाम द्यावा की न द्यावा यावर आणखी चाचण्या करायची गरज उरलेली नाही, असं त्यांनी लिहून टाकलं. यात फुप्फुसाचा आकडा सुधारत नाही. सुधारतात ते पाय, आणि त्यामुळे त्याच फुप्फुसावर माणूस जास्त चालतो.

फिजिओथेरपिस्ट बाई पहिल्या दिवशी आल्या तेव्हा त्यांनी दादांकडे कमी आणि वहिनींकडे जास्त पाहिलं. "ताई, तुम्ही यांची सेवा फार करता. उद्यापासून पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरात राहू द्या." वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला 'तुमचं पाणी तुम्ही घ्या' म्हणायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. दोन दिवस त्या कोणाशी धड बोलल्या नाहीत. चूक त्यांची एकटीची नव्हती, पलंग खाली आम्हीच आणला होता.

व्यायाम असा होता. आधी इन्हेलर, मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीतून उठबस, सुरुवातीला हाताचा आधार घेऊन पाच. मध्ये विश्रांती, पुन्हा पाच. कठड्याला धरून टाचा उचलणं. बसून एकेक पाय सरळ करून धरणं, पुढे घोट्याला वजन बांधून. हातांसाठी पाण्याची अर्धा लिटरची बाटली. खांद्याचे स्नायू दमेकऱ्यांना श्वासासाठीही राबवावे लागतात, म्हणूनच केस विंचरताना किंवा दोरीवर कपडे टाकताना त्यांना धाप लागते. त्यामुळे हातांचा व्यायाम बेताने. आणि चालणं, आधी अंगणातल्या अंगणात, दोन मिनिटं चाल, एक मिनिट थांब. उठताना ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा, गरम चहावर फुंकर घालतो तसा. आत अडकलेली हवा त्याने बाहेर पडायला मदत होते.

दम किती लागू द्यायचा, हा आमचा मोठा प्रश्न होता. बाईंनी शून्य ते दहा अशी पट्टी शिकवली. शून्य म्हणजे अजिबात दम नाही, दहा म्हणजे सहन होईना. व्यायामात चार ते सहाच्या मध्ये राहायचं. दम लागलाच नाही तर व्यायाम कमी पडतोय असं समजायचं! हे ऐकून दादांची भीती निम्मी गेली. इतकी वर्षं ते प्रत्येक धापेला धोक्याची घंटा समजत आले होते.

हे आठवड्यातून दोन-तीनदा देखरेखीखाली, निदान सहा ते आठ आठवडे. नंतर सोडून दिलं तर सहा महिने ते वर्षभरात कमाई ओसरते, म्हणून पुढे घरी चालू ठेवावं लागतं. छातीत दुखणं, चक्कर, ओठ निळे पडणं, बोटाला लावायच्या यंत्रात ऑक्सिजन डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याखाली जाणं, यांपैकी काही झालं तर लगेच थांबायचं. ताप असताना किंवा कफाचा रंग बदललेला असताना आधी डॉक्टरांना फोन करायचा. हृदयविकार असेल किंवा घरी ऑक्सिजन चालू असेल तर सुरुवात रुग्णालयातच करावी.

ज्यांना उठताही येत नाही अशांसाठी मांडीला पट्ट्या लावून हलक्या विजेने स्नायू आकुंचित करण्याचं यंत्र आहे. गंभीर रुग्णांत त्याचा उपयोग झाल्याचं दिसलं आहे. स्नायू वाढवणारी इंजेक्शनं-गोळ्या मात्र आम्ही विचारून विचारून सोडून दिल्या. पुरुषी संप्रेरकांनी स्नायू थोडे भरतात, पण त्या मानाने चालणं वाढेलच असं नाही, आणि दुष्परिणाम असतात. बिमाग्रुमॅब नावाच्या एका नव्या औषधाची सीओपीडीच्या रुग्णांवर चाचणी झाली. मांडीचा स्नायू आकाराने वाढला, पण सहा मिनिटांत चालण्याचं अंतर वाढलं नाही. भाच्याने व्यायामशाळेतली पावडर आणून दिली होती, तीही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय आम्ही उघडली नाही.

आता जेवण. इथे आमची वही कामी आली. आजारी वृद्धांना दर किलो वजनामागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. दादांच्या 51 किलोला 61 ते 76 ग्रॅम. आम्ही आठ दिवस त्यांचं खाणं लिहून काढलं. सकाळी चहा, पोहे आणि वर शेव (इंदूरकराला याशिवाय दिवस उगवत नाही), दुपारी दोन पोळ्या, पातळ वरण, भाजी, संध्याकाळी चहा, रात्री मऊ खिचडी आणि ताक. बेरीज जेमतेम तीस ग्रॅम. त्यात चतुर्थी आणि सोमवारचा उपास. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता पिठूळपणा, प्रथिनं नगण्य. खिचडीत जे काही मिळतं ते दाण्याच्या कुटाचं आणि सोबतच्या दह्याचं.

बदल फार मोठे केले नाहीत. पोह्यांबरोबर एक अंडं, म्हणजे सहा ग्रॅम. वरण घट्ट आणि वाटीभर. दुपारी दही. चार वाजता पेलाभर दूध, आठ ग्रॅम. रात्री पन्नास ग्रॅम पनीर, नऊ ग्रॅम. दाण्याची चटणी रोज. दादांच्या घरात अंडं पूर्वी शिजत नसे. तो वाद आठवडाभर चालला आणि शेवटी वेगळ्या पातेल्यावर तडजोड झाली. अंडं नकोच असेल त्यांनी पनीर, दही, डाळी, सोयाबीनच्या वड्या यांतून हिशेब जुळवावा, जुळतो. पोट तडस लागेपर्यंत भरलं की श्वासपटलावर दाब येऊन दम लागतो, म्हणून थोडं थोडं पाच-सहा वेळा द्यावं, आणि जेवणाआधी जरा टेकू द्यावं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं स्वतःच्या मनाने वाढवू नयेत. आणि खाण्याबरोबर व्यायाम हवाच. आधी महिनाभर आम्ही नुसतं तूप-शिरा खाऊ घालत होतो, त्याने पोट सुटलं आणि पाय तसेच राहिले.

आठ आठवड्यांनी दादा अंगणाऐवजी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागले. पाच उठबशा हात न लावता, सतरा सेकंदांत. वजन आता साडेत्रेपन्न आहे, पोटरी 30. स्पायरोमेट्री तिथेच. मध्ये फेब्रुवारीत पुन्हा सर्दी-कफ झाला आणि पंधरा दिवसांची मेहनत मागे गेली, ते पुन्हा पाच उठबशांपासून सुरू करावं लागलं. तेव्हा दादा चिडून म्हणाले होते की बस, आता मला पडू द्या. त्या दिवशी कोणी जोर केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी पाण्याचा तांब्या पुन्हा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, आणि दादा कुरकुरत उठले.

रंगपंचमीची गेर त्यांनी मोबाइलवरच पाहिली, गुलालाच्या धुरळ्यात त्यांना नेणं शक्य नव्हतं. पण गुढीपाडव्याला ते समाजाच्या कार्यक्रमाला आले होते, ज्यांनी पाहिलं त्यांना आठवेल. जिन्यात दोनदा थांबले. तिथे पुष्कळांनी प्रेमाने खुर्ची पुढे केली, "बसा बसा दादा, दम लागेल" म्हणाले. पुढच्या वेळी खुर्ची जरूर द्या, पण श्रीखंडाची वाटी आणायला त्यांना स्वतः जाऊ द्या.